सदतीसच्या पुढचा आकडा : पित्ताशयातले खडे आणि कॅन्सरचा मार्कर

दिग्रसमध्ये पित्ताशयातले खडे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. उजव्या बरगडीखाली कळ येते, तेलकट जेवणानंतर वाढते, पाठीतून खांद्याकडे जाते. सोनोग्राफी होते, खडे दिसतात, ऑपरेशनची तारीख ठरते. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. काहींना मात्र सोबत कावीळ झालेली असते, किंवा सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसते. अशा वेळी रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली जाते. नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि दोन दिवसांनी रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो. तो बसस्थानकावर उभ्या-उभ्याच उघडतो. सीए १९-९ : ४१२. शेजारच्या रकान्यात ० ते ३७. आकडा ठळक अक्षरात छापलेला. मुलगा ते नाव मोबाइलवर शोधतो आणि पहिल्याच ओळीत 'कॅन्सर' हा शब्द वाचतो. संध्याकाळी आईला बाहेर बाकावर बसवून तो एकटाच डॉक्टरांच्या खोलीत शिरतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे कॅन्सर तं नाही ना जी?"

या प्रश्नाला आज वैद्यकशास्त्र काय उत्तर देतं, कुठे ठाम बोलतं आणि कुठे अडखळतं, याचा हा आढावा. वाद चाळीसेक वर्षांचा आहे. पण दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी, जिथून यवतमाळ सत्तर किलोमीटरच्या आसपास आणि नागपूर दोनशेच्या पुढे, तिथे तो अधिक टोकदार होतो.

आकडा आला कुठून

ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात असा, मोजता येणारा पदार्थ. पोटातल्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला गाजलेल्या मार्करांपैकी एक म्हणजे सीईए. तो १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ती युक्ती वापरून फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या आणि निघालेली प्रतिपिंडं एकेक करून तपासली. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या त्या कामातल्या एका प्रतिपिंडाचा क्रमांक होता १९-९. नावातला आकडा एवढाच, प्रयोगशाळेतल्या नोंदवहीतला.

हे प्रतिपिंड ज्या पदार्थाला चिकटतं तो एक साखरेचा धागा आहे, 'लुईस' रक्तगटाच्या साखरेला जोडलेला. पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात हा धागा विणणारं विकर नसतं. अशा, म्हणजे 'लुईस-निगेटिव्ह', माणसाला कॅन्सर झाला तरी त्याचा सीए १९-९ सहसा वाढत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

३७ ही रेषा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आखली गेली. निरोगी माणसांपैकी जवळजवळ सगळे ज्या आकड्याच्या खाली राहतात तो आकडा म्हणजे ३७. म्हणजे तुलना निरोगी माणसांशी होती. पित्तनलिकेत खडा अडकलेल्या, काविळीने पिवळ्या पडलेल्या माणसाशी ती नव्हती. पुढचा बराचसा गोंधळ याच जागी सुरू होतो, असं मला वाटतं.

खड्याने आकडा का चढतो

सीए १९-९ हा फक्त कॅन्सरच्या पेशींचा माल नाही. पित्तनलिकांच्या आतल्या अस्तराच्या निरोगी पेशीही तो रोज तयार करतात आणि पित्तात सोडतात. पित्त आतड्यात जातं, तिथून बाहेर. रक्तात त्याचा अगदी थोडा अंश येतो. अरुणावती प्रकल्पाच्या पाटाचं पाणी ज्यांनी शेताला घेतलं आहे त्यांना हे सहज समजेल. पाट वाहता असेल तोवर पाणी आपल्या वाटेने जातं. तोंडाशी गाळ आणि काडीकचरा अडकला की तेच पाणी मागे तुंबतं आणि बांध ओलांडून नको त्या वावरात पसरतं. मुख्य पित्तनलिकेत खडा बसला की असंच होतं. पित्ताचा दाब वाढतो आणि त्यातला सीए १९-९ मागे रक्तात झिरपतो. वर जंतुसंसर्ग झाला, म्हणजे थंडी वाजून ताप आणि कावीळ सुरू झाली, तर सुजलेल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात आणि नेहमीपेक्षा जास्त मार्कर सोडतात. यकृताची तो रक्तातून काढून टाकण्याची ताकदही त्याच वेळी घटलेली असते. तिन्ही गोष्टी एका वेळी घडल्या की आकडा शेकड्यात जातो, कधी हजारात. दहा हजारांच्या पुढे गेलेला आकडा आणि निदान मात्र साधा खडा व पित्तनलिकेचा संसर्ग, असे रुग्ण जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

नुसते पित्ताशयात पडून असलेले, कुठेही न अडकलेले खडे मात्र सहसा आकडा फारसा हलवत नाहीत. पित्ताशयाला सूज असेल तर थोडा चढतो. मधुमेह नीट ताब्यात नसेल, यकृताचा जुना आजार असेल, स्वादुपिंडाला सूज असेल, तरीही चढतो. सीईए तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही वाढलेला सापडतो.

आकड्यांची झडती

आता थोडी मोजदाद. इटलीतल्या सिएना इथल्या शल्यचिकित्सकांनी २००९ साली अडथळ्याच्या काविळीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरमुळे कावीळ झालेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा सीए १९-९ वाढलेला होता. पण ज्यांची कावीळ खड्यासारख्या साध्या कारणाची होती त्यांच्यातही ६१ टक्क्यांचा वाढलेला होता. पित्ताला वाट करून दिल्यावर साध्या आजाराच्या जवळजवळ सर्वांचा आकडा उतरला. इथे लोक थांबतात आणि म्हणतात, 'उतरला म्हणजे कॅन्सर नाही.' पण त्याच अभ्यासात कॅन्सरच्या रुग्णांपैकीही निम्म्यांचा आकडा उतरला होता. नुसतं उतरणं पुरेसं नाही. किती उतरला आणि कुठे स्थिरावला, हे पाहावं लागतं.

पित्ताशयाच्या कॅन्सरपुरता बोलणारा जुना अभ्यास १९९० चा आहे. त्यात रेषा ३७ ऐवजी २० वर ठेवली होती. तेव्हा सीए १९-९ ने शंभरातले ७९ कॅन्सर पकडले, आणि कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या ७९ जणांना बरोबर सोडून दिलं. ऐकायला हे बरं वाटतं, म्हणून जरा हिशोब मांडू. मानूया की खड्यांचं ऑपरेशन होणाऱ्या हजार रुग्णांत पाच जणांना न दिसलेला कॅन्सर आहे. तपासणी त्यातले चार पकडेल. उरलेल्या ९९५ पैकी सुमारे २०९ जणांनाही ती 'वाढलेला' म्हणेल. म्हणजे घाबरलेले २१३, त्यातले खरे चार. आणि खरा एक जण 'नॉर्मल' असा कागद घेऊन घरी जाईल.

निरोगी लोकांत तर चित्र आणखी विरळ होतं. दक्षिण कोरियात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुठलीही तक्रार नसलेल्या ७०,९४० जणांचा सीए १९-९ मोजला होता. १,०६३ जणांचा आकडा ३७ च्या वर आला. त्यांच्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला चौघांना. आज शहरांतल्या 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजांत हा मार्कर टाकलेला दिसतो तेव्हा हा अभ्यास आठवायला हवा. अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'अ‍ॅस्को'ने, २००६ मध्येच स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या चाळणीसाठी किंवा निव्वळ या आकड्यावर निदान करण्यासाठी तो वापरू नये असं सांगितलं. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्याच्या, म्हणजे 'एनसीसीएन'च्या, मार्गदर्शिकेतही पित्तमार्गाच्या कॅन्सरमध्ये हे मार्कर उपचारापूर्वीची नोंद म्हणून आहेत, निदानाचा पुरावा म्हणून नाहीत. आणि तुंबलेलं पित्त मोकळं झाल्यावरच आकडा मोजावा, असंही त्यात आहे.

वेष घेऊन येणारे आजार

प्रश्न फक्त आकड्याचा असता तर तो सोपा होता. काही साधे आजार स्कॅनमध्येही कॅन्सरचा वेष घेऊन येतात. एक मिरिझी सिंड्रोम, अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझी यांच्या नावाने ओळखला जाणारा. पित्ताशयाच्या मानेत मोठा खडा रुतून बसतो आणि बाहेरूनच मुख्य नलिकेला दाबतो. कावीळ होते, नलिका आवळलेली दिसते, सीए १९-९ भरमसाट चढतो, आणि चित्र पित्तनलिकेच्या कॅन्सरसारखं उभं राहतं.

दुसरा त्याहून फसवा. खड्यांनी वर्षानुवर्षं घासलेल्या पित्ताशयाची भिंत पिवळसर गाठींनी जाडजूड होते आणि यकृताला, आतड्याला चिकटते. डॉक्टर त्याला थोडक्यात 'एक्सजीसी' म्हणतात. उत्तर भारतातल्या रुग्णालयांतून याची बरीच नोंद आहे. सीटीवर तो कॅन्सर वाटतो, ऑपरेशनच्या टेबलावर हाताला कॅन्सरसारखाच लागतो, मार्करही वाढलेला असतो. कधी यकृताचा तुकडा काढून मोठं ऑपरेशन होतं आणि पाच-सात दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कळतं की कॅन्सर नव्हता. उलटही घडतं. एक्सजीसी आणि कॅन्सर एकाच पित्ताशयात एकत्र सापडतात.

तपासावा की नाही

इथे मतं वेगळी होतात. प्रत्येक बाजूला अनुभवी लोक आहेत.

पहिली बाजू म्हणते, साध्या खड्यांच्या रुग्णात हा मार्कर मागवूच नये. सोनोग्राफीत संशय नसेल तर आकडा फक्त भीती वाढवतो. संशय असेल तर सीटी किंवा एमआरआय करावंच लागतं, मग आकडा काहीही असो. दोन्हीकडून निर्णय बदलत नाही. शिवाय नॉर्मल आकड्याने खोटा दिलासा मिळतो, कारण लुईस-निगेटिव्ह माणसात तो सहसा वाढत नाही आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही बऱ्याचदा वाढत नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरात या एका तपासणीत दोन-तीन दिवसांची कमाई जाते, हेही या बाजूचे डॉक्टर मोजतात.

दुसऱ्या बाजूचे शल्यचिकित्सक निवडक वापराच्या पक्षाचे आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये देशात पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं. आज ते ऑपरेशन तालुक्याच्या गावीही होतं, आणि पूर्वी जे लोक दुखणं सहन करत बसायचे तेही टेबलावर येतात. त्यांच्यात एखाद्याच्या पित्ताशयात न दिसलेला कॅन्सर असतो. ऑपरेशनच्या वेळी ते पित्ताशय फाटलं आणि पित्त पोटात सांडलं तर कॅन्सर पसरण्याचा धोका वाढतो. आधी माहीत असतं तर ऑपरेशनची पद्धतच बदलली असती, रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवलं असतं. म्हणून वय पन्नाशीच्या पुढे, भिंत एका बाजूने जाड, एक सेंटीमीटरपेक्षा मोठा पॉलिप, वजन उतरलेलं, अशा रुग्णात ते मार्कर मागवतात. त्यांच्या हिशोबात तो साक्षीदारांपैकी एक आहे. निकाल देणारा तो नव्हे.

तिसरा गट आकडाच सुधारायला बघतो. कावीळ जितकी जास्त तितका मार्करही साध्या कारणाने चढतो, तर सीए १९-९ ला बिलिरुबिनने, म्हणजे काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या आकड्याने, भागून पाहावं, असं काहींनी सुचवलं. काही अभ्यासांत याने फरक पडला, काहींत नाही. काहींनी रेषा शंभरावर, तीनशेवर, हजारावर नेली. रेषा वर नेली की खोटे इशारे कमी होतात आणि खरे कॅन्सर निसटतात. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी सीए १९-९ च्या जोडीला सीए १२५ आणि सीए २४२ तपासून पाहिले. दोन-तीन मार्कर एकत्र घेतले की अचूकता थोडी वाढते, असा त्यांचा आणि इतरांचा सूर आहे. खर्चही वाढतो, हे ओघाने आलंच.

मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते. तिला एक अट मात्र जोडावीशी वाटते. कावीळ असेल तर खडा काढून किंवा स्टेंट टाकून पित्त मोकळं होईपर्यंत हा आकडा रुग्णाच्या हाती देऊ नये. दिलाच तर 'हा आत्ताचा, तुंबलेल्या नळीचा आकडा आहे' हे त्याच बैठकीत, त्याच्या घरच्यांसमोर सांगावं.

विदर्भातून पाहताना

पित्ताशयाचा कॅन्सर भारतात सगळीकडे सारखा नाही. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आणि पुढे आसामात तो खूप दिसतो. दक्षिणेकडे सरकत गेलं की कमी होतो. मुंबई, नागपूर, बार्शी इथल्या कॅन्सर नोंदण्यांत त्याचं प्रमाण दिल्ली किंवा गुवाहाटीपेक्षा बरंच कमी आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१७ साली या कॅन्सरचा धोका वाढवणारे जनुकीय फरक भारतीय रुग्णांत दाखवले, ते पित्त वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांजवळ आहेत. भूगोलाचा हा फरक मार्कर वाचताना कामी येतो. वाराणसीत ४१२ या आकड्यामागे कॅन्सर असण्याची शक्यता जितकी, तितकी दिग्रसमध्ये नाही, कारण मुळातच इथे तो कमी आहे. आणि या विषयावरचे भारतातले बरेचसे अभ्यास मात्र उत्तरेतले आहेत.

विदर्भाची आणखी एक बाजू आहे. सिकलसेल. मध्य भारतात त्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांत तो आजही घरोघरी माहीत आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि त्याचे काळे खडे पित्ताशयात बनतात, तेही विशी-पंचविशीच्या आतच. अशा मुलीचे डोळे पिवळे असतात ते कधी पेशी फुटल्याने, कधी यकृताच्या त्रासाने, कधी नळीत खडा अडकल्याने, आणि कधी हे सगळं एकत्र. तिचा सीए १९-९ वाढलेला आला तर वाचायचा कसा? मार्करवरचे मोठे अभ्यास बहुतांशी पन्नाशी-साठीच्या रुग्णांवर झालेले आहेत. बिलिरुबिनने भागायची युक्तीही इथे फसते. सिकलसेलमधलं बिलिरुबिन बरंचसं पेशी फुटल्याचं असतं, नळी तुंबल्याचं नाही. भागाकार केला की आकडा उगीचच सौम्य दिसेल. निदान इथे तरी एकूण बिलिरुबिन न घेता 'डायरेक्ट' बिलिरुबिन पाहायला हवं.

आणि अंतर. सोनोग्राफी दिग्रसमध्ये होते. सीटीसाठी यवतमाळला जावं लागतं, जिथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढायचा, म्हणजे ईआरसीपी, तर बहुधा नागपूर. रक्ताची कुपी मात्र माणसाला न हलवता शहरात जाऊ शकते. त्यामुळे दूरच्या गावात मार्करला नकळत एक वेगळंच काम मिळालं आहे : कोणाला नागपूरला पाठवायचं, हे ठरवण्याचं. या वापराच्या बाजूने काही डॉक्टर बोलतात, कारण त्यांच्याकडे दुसरं साधन नाही. विरोध करणारे म्हणतात, काविळीचा रुग्ण आकडा काहीही असला तरी पाठवायलाच हवा. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे.

जे अजून सुटलेलं नाही

पित्त मोकळं झाल्यावर आकडा पुन्हा कधी मोजायचा? कोणी दोन आठवडे म्हणतात, कोणी सहा, कोणी बिलिरुबिन नॉर्मल होईपर्यंत थांबायला सांगतात. एकमत नाही. लॅब बदलली तर आकडा बदलतो, कारण किट वेगवेगळे. म्हणून दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये तपासावं, एवढ्यावर मात्र सगळे सहमत आहेत.

ऑपरेशन झालं, सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर नाही, तरी आकडा साठ-सत्तरवर रेंगाळतो. अशा रुग्णाचं काय? किती महिने सीटी करत राहायचं? जपानमधल्या काही गटांनी माणसाच्या लुईस जनुकांनुसार प्रत्येकाची नॉर्मल रेषा वेगळी ठरवता येईल असं दाखवलं आहे. ते आपल्याकडच्या रोजच्या वापरात अजून आलेलं नाही. २०१९ साली आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. उंदरांच्या शरीरात सीए १९-९ मुळातच नसतो. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या संशोधकांनी तो त्यांच्यात तयार करवला, तेव्हा उंदरांच्या स्वादुपिंडाला सूज आली. हा पदार्थ नुसती खूण आहे की आजारात त्याचा स्वतःचाही हात आहे, हा प्रश्न त्यामुळे उघडा झाला. माणसात आणि खड्यांच्या आजारात याचा अर्थ काय, हे पुढचं काम आहे.

आणि सगळ्यात साधा प्रश्न, ज्यावर परदेशातही वाद आहे. काढलेलं प्रत्येक पित्ताशय पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवायचं का? काही देशांत फक्त डोळ्यांना संशयास्पद दिसलेलीच पाठवतात. कॅन्सरचं प्रमाण जास्त असलेल्या भागांतले डॉक्टर सगळी पाठवावीत म्हणतात. गावाकडे ऑपरेशननंतर खडे एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात. ते हलवून वाजवून पाहिले जातात, पाहुण्यांना दाखवले जातात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर महिनोन्‌महिने राहतात. पित्ताशयाची पिशवी मात्र फॉर्मेलिनच्या बरणीत घालून यवतमाळला किंवा नागपूरला पोचली की नाही, हे बहुतेकांना विचारायचं सुचत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला येणाऱ्या त्या आईच्या मुलाने फाइलमध्ये पहिला ४१२ चा कागद जपून ठेवलेला असतो. बरणीच्या रिपोर्टाचा कागद त्याच फाइलमध्ये आहे का, हे डॉक्टरांनी आधी पाहायला हवं.